ऑक्टोबरातली भटकंती : बेळगाव-खानापूर-चंदगडच्या डोंगरातले तुमचे किस्से

टिळकवाडीकर :
पोरगं कालपासून मागं लागलंय, यंदा दिवाळीचा किल्ला पारगडच करायचा. दरवाजा कुठं, बुरूज कसे, पायऱ्या कुठल्या बाजूला, मलाच विचारतंय. म्हटलं बाबा, मी पारगडला निघालो होतो खरा, पण पोचलो कणकुंबीला. तेव्हापासून तो सगळा दौराच डोक्यात फिरायलाय.

नोकरीला नवीनच लागलेलो. उद्यमबागेत फाउंड्रीत आम्ही चौघं, पाचवा कॅम्पातला शिवानंद. त्याच्या घरी कन्नड, आमच्यात मराठी, शिव्या दोन्हींत. शनिवारी दुपारी सुटी झाली तशी बंड्याच्या काकांची ओम्नी काढली. नवरात्र नुकतंच उठलेलं. पारगडला जायचं म्हणजे हिंडलग्याकडं वळायला पाहिजे, तर बंड्यानं गाडी घातली पिरनवाडीकडं. "कुठं घेऊन जाऊलास रे?" तर म्हणे, "मामानं जेवायला बोलावलंय. पारगड काय पळून जाऊलाय?"

किणये सोडलं की दोन्ही बाजूला भात पिवळं पडायला लागलेलं, बांधाबांधावर रताळ्याची पोती. जांबोटीत मिरची भजी आणि चहा. पुढं जंगल सुरू झालं आणि मोबाईलची रेंज गेली, ती सोमवारीच परत आली. रात्री मामींनी नाचण्याची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं तिखलं केलं होतं. शिवानंद लिंगायत, त्याच्यासाठी वेगळी काळ्या वाटाण्याची आमटी. वर मामी त्याला कन्नडात विचारतात, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. तो एवढा खूष झाला की आणखी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी मामा पुढं, अनवाणी, हातात कोयता. आम्ही मागं नव्या बुटात घसरत. वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर पोचलो तर सगळी सोनकी फुललेली आणि गोव्याच्या बाजूची दरी ढगानं काठोकाठ भरलेली. कुणी काही बोलेना. तेवढ्यात शिवानंद ओरडला. मोजा खाली केला तर घोट्यावर तीन जळवा, टम्म फुगलेल्या, आणि रक्त काही थांबेना. मामांनी काठीला बांधलेली तंबाखूची पुरचुंडी मिठाच्या पाण्यात बुडवली आणि नुसती टेकवली. टपाटप गळून पडल्या. "पावसाळ्यात आला असतास तर मोजायला वेळ नसता मिळाला," म्हणाले.

पारगड अजून राहिलाच आहे. तुमचे येऊ द्यात.

कुंदाप्रेमी :
ओम्नी पांढरीच असणार. सरकतं दार मधूनच उघडायचं आणि एकानं ते धरून बसायचं. आमच्यात ते काम माझ्याकडं होतं.

खानापूरकर :
मामा खरे जाणकार. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळचा मलप्रभेचा उगम बघितलास की नाही ते लिहिलं नाहीस. नुसत्या भाकऱ्या मोजल्यास!

आमच्या तालुक्याची मजा अशी की, मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला जाते, पार कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आणि म्हादई आमच्याच देगावच्या रानात जन्मून पश्चिमेला गोव्यात उतरते, तिकडं तिला मांडवी म्हणतात. ह्या दोघींच्या पाण्यावरून किती वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्यात ते पेपरात वाचताच. लवादाचा निकाल 2018 साली लागला, भांडण मात्र मिटलं नाही. म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेत न्यायला खणून ठेवलेला कालवा कणकुंबीत बघायला मिळतो. आम्ही कॉलेजात असताना त्याच्या काठावर बसून डबा खाल्ला होता आणि एकजण म्हणाला होता, "हे पाणी तिकडं नेणार म्हणजे चढावर नेणार काय रे?" सिव्हिलचा विद्यार्थी होता बरं का तो.

एक मात्र सांगतो. भीमगड 2011 साली अभयारण्य झालं. तेव्हापासून वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. आमच्या वेळी उठलं की चालायला लागलं असं होतं. आता तसं करू नका, आणि एकटे तर मुळीच नको. अस्वलं आहेत. आमच्या भागातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर त्यांच्या नखांच्या खुणा आहेत.

टिळकवाडीकर :
बघितला की ओ काका, उगम. कुंडात पाय घातला म्हणून मामांनी पाठीत धपाटा पण घातला.

शहापूरची सून :
बायकांचं पण लिहू द्या. आमच्या भिशीत दर वर्षी साड्या घ्यायचो. एका वर्षी मीच म्हटलं, कपाटं भरलीत, ह्या खेपेला कुठंतरी फिरून येऊ. घरी कसं सांगायचं? देवाचं नाव काढलं की सगळे गप्प. राजहंसगडावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, म्हणजे देवदर्शन.

रविवारी पहाटे स्वयंपाक करून, डबे भरून ट्रॅक्समधनं येळ्ळूरला. तेव्हा गडावर आत्तासारखी गर्दी नव्हती, महाराजांचा मोठा पुतळाही नव्हता. साडी खोचून चढलो. आमच्या सासूबाई, वय सत्तरच्या पुढं, सगळ्यांच्या आधी दरवाजात जाऊन बसल्या आणि वर आम्हालाच, "एवढ्याशा चढाला दमतायसा?" तटावरून अख्खं बेळगाव दिसत होतं, प्रत्येकीनं आपापलं घर शोधलं. कुणालाच सापडलं नाही. एकीला आपल्या घरावरची पाण्याची टाकी दिसली असं ती म्हणते, पण तशा काळ्या टाक्या शंभर होत्या.

परत आल्यावर सासूबाईंनी घरी सांगितलं, "दर्शन छान झालं." देवळात जेमतेम दोन मिनिटं थांबलो होतो.

रताळंवाला :
😂😂 आजी कडक

कुंदाप्रेमी :
भिशीत ट्रेक! आमच्या घरात वाचून दाखवतो थांबा.

चंदगडी :
पारगड राहिला म्हणता? मग ऐका. आमचा तालुका महाराष्ट्रात, बाजार आमचा बेळगावात. दवाखाना, कपडे, कॉलेज, सगळं तिकडं. पेट्रोल पण शिनोळी ओलांडून कर्नाटकात गेल्यावरच भरायचं, स्वस्त मिळतं. तर बेळगावची मित्रमंडळी दोन मोटरसायकली आणि एक कार घेऊन आली. पाटणे फाट्याला मी त्यांना भेटलो. तिथनं मोटणवाडी, मग इसापूर. मोटणवाडीच्या पुढं रस्ता एवढा अरुंद की समोरून लाल डबा आला तर कुणीतरी मागं जायचंच. आम्हीच गेलो, एसटी कुठली मागं जाते!

गडावर चढायला दगडी पायऱ्या आहेत. वर गाव आहे, माणसं राहतात. तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा ह्याला शिवाजी महाराजांनी इथं किल्लेदार नेमलं असं सांगतात, आणि मालुसऱ्यांचे वंशज अजून गडावर आहेत. भवानीचं देऊळ आहे. आम्ही दसऱ्याच्या आसपास गेलो होतो, देवळात लगबग होती. एका आजोबांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि पहिला प्रश्न, "कुणाचं रे तू?" मी गावाचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. तिसऱ्या पिढीत ओळख लागली. मग चहा आला. बेळगावच्या पोरांची ओळख कुठं लागेना म्हणून ती जरा नाराज झाली, पण चहा त्यांनाही मिळाला.

उतरताना परतीच्या पावसानं धरलं. दुपारी आकाश निळं कोरडं, चार वाजता गडगडाट आणि अर्ध्या तासात सगळे चिंब. ऑक्टोबरात आमच्याकडं यायचं तर सकाळीच चढा, हे लक्षात ठेवा.

बेंगळूरवासी :
हे वाचून आज मीटिंगमधे लक्ष नाही. आमचा ग्रुप चोर्ल्याला जायचा, पारवाडकडनं सुर्ल्याचा धबधबा लांबून बघायचा आणि परत. ऑक्टोबरात धार बारीक होते पण धुकं नसतं, म्हणून पूर्ण दिसतो. आता एक कॅनडात, एक पुण्यात, एक दुबईत. आणि गाडी चालवणारा आमचा मित्र कोविडमधे गेला. तो असताना नकाशा लागायचा नाही, कुठल्या वळणावर खड्डा आहे ते त्याला पाठ. त्यानंतर कुणी नावच काढलं नाही चोर्ल्याचं.

शहापूरची सून :
वाईट वाटलं भाऊ. दिवाळीत याल तेव्हा जाऊन या एकदा, दोघं असलात तरी.

बेंगळूरवासी :
बघतो ताई. पुण्याचा येतो म्हणालाय.

वटवाघूळ :
नाव बघून हसू नका, कारण आहे. एमएस्सीला असताना प्राध्यापकांबरोबर रीतसर परवानगी घेऊन तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेपर्यंत गेलो होतो. तिथं रॉटनचं वटवाघूळ राहतं. 1913 साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली, आणि पुढं कित्येक वर्षं जगात ते फक्त ह्याच गुहेत आहे असं मानत होते. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. कान एवढे मोठे की तोंडापुढं छत्री धरल्यासारखे. आम्ही आत गेलो नाही, त्यांना त्रास होतो म्हणून. लांबूनच वास घेतला, तो पुरेसा होता. तिथून परतताना एका मुलीच्या ओढणीला एवढी कुसळं लागली की पूर्ण बसप्रवासभर आम्ही सगळे तीच काढत होतो. लग्न झालं आमचं पुढं.

रताळंवाला :
कुसळांमुळं लग्न 👏

खानापूरकर :
गुहेची नीट वाट सांगितली नाहीस हे उत्तम केलंस.

कुंदाप्रेमी :
सगळं खरं, पण ती बांधावरची रताळी मनातनं जाईनात. ह्या वर्षी कुठं चांगली आलीत? एपीएमसीत गेलो तर पोतं घ्या म्हणतात.

रताळंवाला :
जांबोटी रस्त्याला कडेला बसतात की बायका. लहान घ्या, लाल सालीची. मोठी सुतळीसारखी निघतात. मिठाच्या पाण्यात उकडून, वर तूप. किंवा काप करून गुळाच्या पाकात घाला, उपासाला पण चालतात.

शहापूरची सून :
पाकात वेलची घालायला विसरू नका. आणि गूळ आधी गाळून घ्या, खडे असतात.

चंदगडी :
पारगडला कोण येताय ते सांगा आधी. शनिवारी मी मोकळा आहे, टिळकवाडीकरांनी पोराला घेऊन यावं, बुरूज मोजून घेईल तो.

टिळकवाडीकर :
येतो. बंड्याला विचारलं, तो म्हणतोय मामाकडनं होऊन जाऊ.

चंदगडी :
झालं मग! परत कणकुंबी.

शहापूरची सून :
आमच्या भिशीला पण जागा आहे काय? सासूबाई विचारतायत.