मथियास बो यांची दुहेरी कारकीर्द

प्रश्न: भारतीय बॅडमिंटन दुहेरी जोडी चिराग शेट्टी आणि सात्विकसाईराज यांचे माजी प्रशिक्षक म्हणून आपण डेन्मार्कच्या मथियास बो यांना ओळखतो, परंतु खेळाडू म्हणून त्यांचे स्थान नेमके कोणते होते?

प्रतिसाद १: फारच वरचे. दुहेरीतील जोडीदार कार्स्टन मोगेन्सन यांच्या साथीने त्यांनी २०११ आणि २०१५ मध्ये ऑल इंग्लंड ही प्रतिष्ठेची बॅडमिंटन स्पर्धा जिंकली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. तेथील अंतिम सामन्यात मात्र चीनच्या काय युन आणि फू हाइफेंग यांनी त्यांना सरळ गेममध्ये हरवले.

प्रतिसाद २: पदकांइतकीच त्यांची खेळण्याची पद्धत मला महत्त्वाची वाटते. डावखुरे बो जाळीजवळ शटल लवकर अडवून प्रतिस्पर्ध्याला ते उंच उचलून परतवायला भाग पाडत आणि मागून मोगेन्सन स्मॅश मारत, त्यामुळे या जोडीविरुद्ध बचावातून बाहेर पडणे अतिशय कठीण होई. २०१६ मध्ये डेन्मार्कने प्रथमच थॉमस करंडक ही पुरुषांची सांघिक स्पर्धा जिंकली, त्या संघातही हे दोघे होते.

प्रतिसाद १: सहमत आहे. बो २०२० मध्ये निवृत्त झाले. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सात्विक आणि मुंबईकर चिराग यांनी २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकले, आणि भारतीय दुहेरीसाठी मला तेच त्यांचे सर्वांत मोठे योगदान वाटते.