कानांत सतत किरकिर : कारण काय असावे?

प्रश्न : माझे वडील हर्णै बंदरात वर्षानुवर्षे ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी काम करत आले असून, अलीकडे रात्री निजानीज झाली की त्यांच्या दोन्ही कानांत रातकिड्यांसारखी किरकिर सुरू होते. याचे कारण काय असावे?

उत्तर १ : दीर्घकाळ ८५ डेसिबलहून मोठ्या आवाजात राहिल्याने अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी कायमच्या निकामी होऊ शकतात, आणि मला तरी इंजिनाचाच संशय अधिक वाटतो. वयोमानाने ऐकू कमी येऊ लागल्यावरही असे होते.

उत्तर २ : आधी मळ तपासून घ्यावा. कृपया काडी घालू नका, त्याने मळ आणखी आत सरकतो. ॲस्पिरिनची मोठी मात्राही कारण ठरते.

उत्तर ३ : आवाज एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना अवश्य दाखवावे, अचानक ऐकू येईनासे झाल्यास मात्र त्याच दिवशी न्यावे.