युद्धातून आलेल्यांसाठी तंबू पुरे, हा विचार आता सोडून द्यावा

पंचगंगाकाठ

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकापाशी गेले, तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची वसाहत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९४० पासून सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर चाल केल्यावर पोलिश सरकार आणि सोव्हिएत सत्ता यांच्यात करार झाला आणि त्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये त्यातले हजारो कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. तरणे पुरुष फौजेत गेले, मागं उरल्या बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. त्यांपैकी सुमारे ५,००० जण कराचीमार्गे १९४३ पासून वळिवड्याला आले आणि १९४८ पर्यंत राहिले.

माझा मुद्दा त्या वसाहतीच्या बांधणीचा आहे. तिथं तंबू नव्हते. कौलारू बराकींच्या रांगा होत्या, कुटुंबाला आपली खोली होती. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच सगळं उभं केलं होतं. युद्ध कधी संपेल हे १९४३ मध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी "दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे" असं म्हणून कुणी वेळ मारून नेली नाही. माझी आजी तिथं भाजी घेऊन जायची. तिच्या बोलण्यात कायम यायची ती खोल्यांच्या दारापुढची फुलझाडं. उद्याही आपण इथंच उठणार याचा भरवसा असल्याशिवाय कुणी फुलझाड लावत नाही.

आता आजचं बघा. जॉर्डनमधली झातारी छावणी जुलै २०१२ मध्ये सीरियन लोकांसाठी उघडली, ती तंबूंची. जानेवारी २०१३ च्या पावसात तंबूंत पाणी शिरलं. मग हळूहळू तंबू काढून डबेवजा खोल्या आणाव्या लागल्या. म्हणजे खर्च दोनदा झाला आणि मधल्या हिवाळ्यात लेकरं चिखलात राहिली. तिथं जन्मलेली मुलं आज शाळेत जातात. मदत संस्थांच्या किमान निकषात माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा धरतात, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट, जेमतेम दोन खाटांची. एवढ्याशा जागेत बाईनं कपडे कुठं बदलायचे, पोरीनं अभ्यास कुठं करायचा?

म्हणून माझं म्हणणं असं की युद्धातून आलेल्यांची सोय पहिल्या दिवसापासून निदान पाच वर्षं धरूनच करावी. आतून कडी लागणारं दार, जवळ संडास, चालत जाता येईल अशी शाळा. विरोधी मतं जरूर मांडा, त्यासाठीच धागा काढला आहे.

हिशेबनीस

विरोधी मत माझंच घ्या.

वळिवडे चांगलं झालं, मान्य. पण ते ५,००० माणसांचं होतं आणि खर्च सुरुवातीला लंडनमधून चालणाऱ्या परागंदा पोलिश सरकारनं उचलला होता. त्याच्या आधारावर सगळ्या जगासाठी नियम काढता येत नाही. मी १९७१ घेतो. मार्च ते डिसेंबर या नऊ महिन्यांत पूर्व पाकिस्तानातून सुमारे ९९ लाख लोक भारतात आले. त्यातले ६८ लाखांच्या आसपास छावण्यांत राहिले. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये गटारासाठी आणलेल्या सिमेंटच्या पाइपांमध्ये संसार थाटले गेले. एकेका दिवशी हजारोंनी माणसं सीमा ओलांडत होती आणि वर बंगालचा पावसाळा. अशा वेळी बराकीचा नकाशा काढत बसणारा अधिकारी मला तरी नको. ताडपत्री टाकणारा हवा.

आणि जीव कशानं वाचले ते बघा. बनगावच्या छावणीत कॉलरा आला, सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरला आणि नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजला. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. भिंतींवर पैसे घातले असते तर या कामाला माणसं आणि पैसा कुठून आणला असता? युद्ध संपल्यावर काही महिन्यांतच बहुतेक सगळे परत गेले. पाच वर्षांची घरं बांधली असती तर ती कुणासाठी?

पंचगंगाकाठ

हिशेबनीसदादा, महालनबीसांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. कॉलरा आला कशानं? लाखो माणसं उघड्यावर, पिण्याचं पाणी आणि हगणदारी एकाच ठिकाणी. निवारा म्हणताना मी संडास आणि पाणी त्यातच धरते.

आणि ७१ चे लोक परत गेले ते डिसेंबरात युद्धाचा निकाल लागला म्हणून. ते जुलैमध्ये कुणाला माहीत होतं?

उमरग्याचा

युद्धाचा अनुभव नाही, पण तात्पुरत्या शेडचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्याकडं पत्र्याची शेडं दिली. घाईत ते बरोबरच होतं, थंडी तोंडावर होती. पण नवी गावं उठेपर्यंत त्यातच दिवस काढावे लागले. मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावला की चटका बसायचा. म्हातारी माणसं दिवसभर लिंबाखाली बसायची आणि अंधार पडल्यावर आत यायची. रात्री शेजारच्या शेडमधलं खोकणंसुद्धा ऐकू यायचं, मग नवरा-बायकोनं भांडायचं तरी कुठं.

संडासाचं तर बोलूच नका. बाया अंधार पडायची वाट बघायच्या आणि दिवसभर पाणी कमी प्यायच्या. ताई म्हणतात ते दार आणि संडास पहिल्या दिवशी पाहिजेच. बाकी भिंती कशाच्या, छप्पर कशाचं हे त्या मुलखाच्या हवेवर ठरवा. पुण्या-मुंबईत बसून नका ठरवू.

कॅम्प_चारवाला

मी उल्हासनगरचा, सिंधी कुटुंबातला, मराठी शाळेत शिकलेला. फाळणीनंतर आमच्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकी मिळाल्या. १९४९ मध्ये राजगोपालाचारींनी पायाभरणी केली, नाव उल्हासनगर ठेवलं. तरी आजही पत्त्यात कॅम्प नंबर आणि बॅरॅक नंबर असतो. म्हणजे ताईंना हवी तशी पक्की भिंत आम्हाला पहिल्यापासून मिळाली.

पण नुसत्या भिंतीनं भागलं नाही. जागेची सनद हातात येईपर्यंत वर्षानुवर्षं कचेरीत खेटे घातले. माझ्या आजोबांनी बराकीच्या मधोमध गोणपाट लावून एका बाजूला कुटुंब ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला पापड-लोणच्याचं दुकान. कुटुंब उभं राहिलं ते त्या दुकानावर. वळिवड्याचंच पुढे काय झालं ते धाग्यात आलं नाही, म्हणून सांगतो. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. आज अख्खा दक्षिण महाराष्ट्र तिथे कापड घ्यायला जातो. जागा तीच. पोलिश लोक तिथून जगभर विखुरले, आमचे लोक रुजले, कारण आमच्या लोकांना धंदा करायला कुणाची परवानगी लागत नव्हती आणि हाकलून देण्याची भीती नव्हती.

माझं मत: तंबू की खोली हा वाद नंतर. आधी काम करायचा परवाना आणि ओळखीचा कागद द्या.

क्राकोची_मेघना

मी पोलंडमध्ये आहे, म्हणून लिहिते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा इथे छावण्या उभारायची वेळच फारशी आली नाही, कारण लोकांनी घरं उघडली. ४ मार्चला युरोपियन युनियनने तात्पुरत्या संरक्षणाचा नियम लागू केला. तो २००१ पासून नुसता कागदावर होता. त्यामुळे आलेल्यांना राहण्याचा, कामाचा आणि मुलांना शाळेचा हक्क लगेच मिळाला. कॅम्प_चारवाला म्हणतात तेच.

आमच्याकडे एक आई आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा राहायला आले. जेवण, पांघरुणं, सगळं मांडून ठेवलं होतं. तिने पहिल्या संध्याकाळी दोन गोष्टी मागितल्या: वायफायचा पासवर्ड, नवऱ्याला कळवायला, आणि खोलीची किल्ली. आमच्या आतल्या खोलीला कुलूपच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बसवून घेतलं, त्या रात्री ती पहिल्यांदा नीट झोपली.

पण घरात ठेवून घेण्यालाही मर्यादा आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सरकार यजमानाला माणशी दिवसाला ४० झ्लोटी देत होतं, तेही साधारणपणे १२० दिवसच. तीन महिन्यांनंतर स्वयंपाकघर, बाथरूम, मुलांचा आवाज, सगळ्यावरून दोन्हीकडे अवघडलेपण येतं. ती उपकाराच्या ओझ्याखाली आणि मी थकलेली. शेवटी तिला नोकरी लागली आणि तिने भाड्याने खोली घेतली, तेव्हा आमची खरी मैत्री झाली. माझं मत विचाराल तर बराकी नकोत, थेट भाड्याचे पैसे द्या. शहरात रिकाम्या खोल्या असतात.

हिशेबनीस

मेघनाताई, क्राकोत असतील. मिझोरमच्या चंफाईत किंवा बंगालच्या बनगावात नसतात.

कोयनाकाठचा माणूस

सगळे आतून हळवे होऊन लिहीत आहेत, म्हणून कटू बोलतो. आमचं गाव कोयना धरणात गेलं. साठ वर्षं उलटली, तरी आमच्यातल्या अनेकांना पर्यायी जमिनीसाठी आंदोलन करावं लागतं. ज्या देशाला स्वतःच्या धरणग्रस्तांना घर देता आलं नाही, त्यानं परक्यांसाठी पाच वर्षांच्या वसाहती बांधाव्यात का? चांगली सोय केली की माणूस परत जात नाही. लेबननने सीरियन लोकांसाठी अधिकृत छावण्या होऊ दिल्या नाहीत, कारण १९४८ च्या पॅलेस्टिनी छावण्या अजून तिथेच आहेत.

पंचगंगाकाठ

दादा, तुमचा राग खरा आहे आणि कोयनेचा अन्याय मी कमी लेखत नाही. पण लेबननचं उदाहरण पुरतं सांगा. छावण्या नाकारल्या म्हणून सीरियन लोक गेले नाहीत. बेका खोऱ्यात शेतांच्या कडेला लाकडी सांगाडे आणि प्लास्टिक टाकून राहिले, आणि त्या जमिनीचं भाडं जमीनमालकाला भरत बसले. माणूस परत जातो तो गावात गोळीबार थांबला की. इथल्या छपराला छिद्रं ठेवून तिकडचं युद्ध थांबत नाही.

आणि गरिबीचं म्हणाल तर मिझोरम बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली, तिथले चिन जमातीचे लोक सीमेवरची तियाऊ नदी ओलांडून आले. केंद्रानं मार्चमध्ये सीमावर्ती राज्यांना लोंढा रोखायला सांगितलं. तरी मिझोरमनं हजारोंना ठेवून घेतलं. गावांनी, चर्चनं, यंग मिझो असोसिएशननं बांबू-पत्र्याचे निवारे उभे केले. ते काही श्रीमंत राज्य नाही.

माजी_सुभेदार

मिझोरममध्ये नोकरी झाली आहे. ते लोक एकाच वंशाचे, नात्यागोत्यातले आहेत, हे लक्षात घ्या. अनोळखी माणसासाठी तसं होईलच असं नाही.

दुसरं म्हणजे, निर्वासित फक्त परदेशातून येत नाहीत. मे २०२५ मध्ये पूंछमध्ये तोफगोळे पडले तेव्हा आपलेच लोक घर सोडून पळाले. सीमाभागात अशा वेळी पहिली जागा शोधतात ती शाळा आणि कॉलेज. ते सोपं असतं, छप्पर आहे, नळ आहे. पण मुक्काम लांबला की त्या गावच्या मुलांची शाळा बंद पडते, आणि मग गावकरी व आलेले यांच्यात तेढ सुरू होते. सीमेपासून पुरेशा अंतरावर मंगल कार्यालयं, बाजार समितीची गोदामं, धर्मशाळा यांची यादी जिल्हाधिकाऱ्याकडे आधीपासून तयार हवी. कुठे किती संडास, किती पाणी, लिहिलेलं हवं. बॉम्ब पडल्यावर यादी करायला बसलात तर शाळाच घ्यावी लागते.

पंचगंगाकाठ

सुभेदारसाहेबांची यादी मला पटते. पहिल्या आठवड्यात ताडपत्री, गोदाम, कुणाचं घर, जे मिळेल ते घ्या, त्याला माझा विरोध नाही. माझी मागणी पुढची आहे. पहिला पावसाळा किंवा पहिला हिवाळा यायच्या आत दाराची खोली मिळालीच पाहिजे, आणि ती तारीख छावणी उघडतानाच फलकावर लिहा. "परिस्थिती पाहून ठरवू" या वाक्यावर झातारीसारख्या छावण्या उभ्या राहतात.

हिशेबनीस

तारखेला माझी हरकत नाही. खर्चाला आहे. ७१ साली सरकारनं नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावलं. गावोगावच्या माणसानं ते मुकाट्यानं चिकटवलं, कारण पैसा कशासाठी जातोय हे तिकिटावर छापलेलं होतं. तुमच्या दाराच्या खोल्यांचा पैसा केंद्र देणार, राज्य देणार की जिल्हा, हे ठरवणारा निर्वासितांचा कायदा आपल्याकडे आजही नाही. मिझोरमला तो खर्च बराचसा स्वतः आणि लोकवर्गणीतून पेलावा लागला. तारखेच्या फलकावर शेजारी खर्च कुणाचा तेही लिहा, मग मी तुमच्या बाजूनं मत देतो. तोवर माझं मत ताडपत्री आणि स्वच्छ पाण्यालाच.

कोयनाकाठचा माणूस

आणि त्याच कायद्यात धरणग्रस्तांचंही कलम घाला. तसं झालं तर सहीसाठी पहिला मी.