दूध-साय न घालता सूप दाटसर आणि मऊ कसं करायचं?

पातेलं_आणि_पळी

नमस्कार मंडळी. माझी वहिनी शनिवारी आठ दिवसांसाठी राहायला येतेय. दोन वर्षांपूर्वी तिने दूध, तूप, लोणी, चीज, मध सगळं सोडलं. त्यात आता तिची अक्कलदाढ काढलीय, त्यामुळे चावायला लागेल असं काही चालणार नाही. रोज एक वेळ तरी पोटभरीचं सूप द्यावं असं मनात आहे. नुसतं पातळ पाणी नको, तोंडात मऊ लागेल असं हवं.

मुद्दाम काही आणणार नाही. कपाटात आहे ते असं: मसूर डाळ, ओट्स, मूठभर काजू, नारळाच्या दुधाचा एक डबा, टोमॅटोचा एक डबा, पांढरा राजमा, कांदे, लसूण, बटाटे, तेल, लिंबू.

सराव म्हणून दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा बिघडलं. पहिल्यांदा चार उकडलेले बटाटे कांदा-लसणासोबत मिक्सरला चांगले तीन-चार मिनिटं फिरवले. ते पळीवरून खाली पडेना, तार सुटली, कागद चिकटवायच्या खळीसारखं झालं. दुसऱ्यांदा टोमॅटोचं सूप उकळत असतानाच नारळाचं दूध ओतलं आणि तसंच दहा मिनिटं उकळू दिलं. वर तेलाचा तवंग, खाली पांढरे कण. चव बरी होती, पण जिभेवर रवाळ लागत होतं.

माझं नेमकं चुकतंय कुठे? ती येईपर्यंत मला हे जमवायचंच आहे.

मंद_आच

ताई, दोन्ही वेळा जिन्नस बरोबर होते, हाताळणी चुकली.

आधी बटाट्याचं. बटाटा शिजताना त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, पण पेशींच्या आतच राहतो. तोवर तो मऊ, भुसभुशीत असतो. मिक्सरची पाती त्या पेशी फोडतात, सगळा स्टार्च बाहेर येतो आणि त्याची खळ होते. बटाटा वापरायचाच असेल तर एकच घ्या, चाळणीवर पळीने दाबून घ्या आणि मिक्सर झाल्यावर सुपात मिसळा.

नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब. ते थेंब सुटे ठेवणारी प्रथिनं खळखळ उकळीने आणि आंबटाने गोळा होतात, मग तेल वर आणि पाणी खाली. म्हणून ते अगदी शेवटी, गॅस बंद करून घालायचं.

माझ्या मुलाला लहानपणापासून दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. आता तो कॉलेजात जातो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: साय जिभेला मऊ लागते ती दूध असल्यामुळे नाही. स्निग्धाचे अगदी बारीक थेंब, अंगचा दाटपणा आणि जिभेला एकही कण न लागणं, हे तिन्ही जमलं की सूप मऊ लागतं. तुमच्या कपाटातून हे तिन्ही होईल.

मी असं करते. तीन टेबलस्पून तेलापैकी एक पातेल्यात घालून मोठा कांदा चिरून टाकते, वर चिमूटभर मीठ. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, तांबूस न करता, बोटाने दाबला की चेपेल इतका मऊ. मग चार लसूण पाकळ्या. नंतर पाऊण वाटी धुतलेली मसूर आणि चार वाट्या पाणी. सोललेली मसूर भिजवावी लागत नाही, वीसेक मिनिटांत पार विरघळते. टोमॅटो आत्ता घालू नका! आंबटात डाळीच्या पेशींच्या भिंती घट्ट राहतात आणि ती शिजायला फार वेळ घेते. डाळ मोडली की मग टोमॅटो, आणि पुढे दहा मिनिटं.

आता काजू. पंधरा काजू उकळत्या पाण्यात वीस मिनिटं भिजवा. ते एकटेच वाटायचे, आणि पाणी फक्त त्यांच्या डोक्यावर येईल इतकंच. बहुतेक जण काजू थेट सुपात टाकून फिरवतात. पातळ पाण्यात काजू पात्यांपासून निसटत राहतात आणि कितीही फिरवलं तरी कणी उरते. कमी पाण्यात आधी घट्ट गोळा होतो. झाकण उघडून कडा खरवडायच्या, एक चमचा पाणी, परत फिरवायचं. असं तीन वेळा. मग थेंबभर वाटण अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून बघा. वाळूसारखं काही जाणवलं तर अजून एक फेरी. बोटं नुसती घसरली पाहिजेत. मी ही परीक्षा कधीच गाळत नाही, कारण बोटाला लागलेली कणी जिभेला दुप्पट लागते.

मग डाळ-टोमॅटो गुळगुळीत वाटा, त्यात काजूचं वाटण घाला आणि मिक्सर चालू असताना उरलेलं दोन टेबलस्पून तेल बारीक धारेने सोडा. डोळ्यांसमोर रंग पालटतो: लालसर सूप फिकट केशरी होतं. तेलाचे थेंब बारीक होऊन उजेड विखरायला लागले की असं होतं, दूध पांढरं दिसतं तेही याच कारणाने. परत पातेल्यात ओतून पाच मिनिटं मंद गरम करा. काजूतही स्टार्च असतो, त्यामुळे ते आणखी थोडं दाटतं.

दाढ काढलेली आहे तर कोमटच द्या, आणि चमच्याने. स्ट्रॉने ओढलं तर जखमेवरची गुठळी निघू शकते.

साधा_स्वयंपाक

वरचं सगळं पटलं, पण एक गोष्ट राहिली. गरम सूप मिक्सरमध्ये काठोकाठ भरू नका! वाफ कोंडते आणि झाकण उडतं. माझ्या बहिणीच्या मनगटावर भाजल्याचा डाग अजून आहे. भांडं अर्ध्याहून कमी भरायचं, झाकणाच्या मधलं बूच काढायचं, त्यावर घडी केलेलं फडकं धरायचं आणि सुरुवात सगळ्यात कमी वेगाने. घाई नसेल तर पंधरा मिनिटं निवू द्या.

आणि तयार सूपवडी वापरणार असाल तर घटक वाचून घ्या, काहींमध्ये दुधाची भुकटी असते.

ओट्सवाली

काजू न खाणाऱ्यांसाठी लिहिते, कारण सुकामेव्याची ॲलर्जी असलेले बरेच जण असतात. डाळ शिजत असतानाच तीन टेबलस्पून ओट्स टाका. त्यांतला विरघळणारा तंतू सुपाला छान अंग देतो. पण हात आवरा, वाटीभर घातले तर सूप बुळबुळीत होतं.

पांढरा राजमा तर मला काजूपेक्षाही आवडतो. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात आधी अर्धा तास खळखळ उकळायचा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात, तिथे तडजोड नको. वाटल्यावर मात्र गाळणीतून काढा, सालं जिभेला लागतात.

मंद_आच

राजम्याचं मान्य, चव उत्तमच. पण दुखऱ्या तोंडाला पहिल्या दिवशी मसूरच द्यावी. गाळणीतून निसटलेलं एखादं सालही टाक्याशी अडकलं तर त्रास होतो. राजमा चौथ्या-पाचव्या दिवशी करा.

पातेलं_आणि_पळी

मंद_आच ताई, काल रात्री केलं! काजू चार फेऱ्या वाटले, तिसऱ्या फेरीनंतरही बोटांना कणी लागत होती. तेलाची धार सोडली तेव्हा रंग खरंच पालटला, मी नवऱ्याला हाक मारून दाखवला. त्याने दोन वाट्या घेतल्या आणि यात साय किती घातलीस म्हणून विचारलं.

दोन शंका आहेत. सकाळी उरलेलं सूप फ्रिजमधून काढलं तर चमचा उभा राहील इतकं घट्ट झालेलं. आणि चव मऊ आहे पण थोडी सपाट वाटते, मीठ वाढवूनही.

मंद_आच

घट्ट होणारच, गार झाल्यावर डाळीचा आणि काजूचा स्टार्च आवळतो. अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा, पूर्ववत होईल.

सपाट लागतं कारण स्निग्धामुळे चव दबते. मीठ आता पुरे, आंबट हवंय. गॅस बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस घाला आणि चाखा. तोंडात टाके आहेत तोवर वहिनींच्या वाटीत मात्र दोन-तीन थेंबच, नाहीतर झोंबेल. बाकीचं लिंबू इतरांच्या वाट्यांत पिळा.

पातेलं_आणि_पळी

लिंबाने जमलं. शनिवारसाठी पंधरा काजू डबीत वेगळे काढून ठेवलेत.