मदत हवी आहे: मुकुटातला चाफा तपकिरी पडतोय

मुकुटाचा घेर ५६ सेंमी, सांगाडा १८ गेज तारेचा, टोकांना कड्या करून मागे रिबीन. पानं क्रोटन आणि फर्नची. फुलं डेंड्रोबियम ऑर्किड, बोगनवेल आणि पांढरा चाफा. तीन-तीन फुलांचे तुरे, एकाच दिशेने, पुढचा तुरा मागच्याचे देठ झाकेल असे फ्लोरल टेपने (देठ गुंडाळायची मेणचट पट्टी) गुंडाळलेत. ही टेप ताणल्याशिवाय चिकटतच नाही, त्यामुळे हात सैल सोडता येत नाही.

ऑर्किड मस्त टिकतं, बोगनवेलही. घोडं अडतंय चाफ्यापाशी. चीक निघून जावा म्हणून फुलं तासभर पाण्यात ठेवली तरी फुलाच्या देठाकडच्या नळीत तार खुपसली की चीक पुन्हा पाझरतो आणि काही तासांतच पाकळ्यांच्या कडा तपकिरी. बोट दाबलं गेलं तिथे डाग ठरलेलाच. फ्रीजमध्ये तर आणखी लवकर काळवंडतो.

तार आरपार न घालता नळीला बाहेरून वेढा दिला तर फूल लटकेल का? की चाफा अगदी शेवटी, दोऱ्यात ओवून बांधावा? फर्नची टोकंही वळतात, पाण्यात बुडवून ठेवूनसुद्धा. त्याऐवजी कोणतं पान घ्यावं?

कृपया जास्वंद सुचवू नका, संध्याकाळी मिटते. कण्हेरही नको, ती विषारी.