मदत हवी आहे: हतनूर धरणाच्या गाळातून होडी पाण्यात कशी न्यावी?

गळाने मासे धरण्याच्या हौसेसाठी 10 फुटी फायबरची होडी आहे. वजन अंदाजे 70 किलो, इंजिन नाही, वल्हीच. मच्छीमार सोसायटीशी बोलणं झालंय, तो प्रश्न नाही.

अडचण काठाची आहे. होळीनंतर पाणी मागे सरकतं आणि मधे काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला पापुद्रा, खाली पाय गुडघ्यापर्यंत आत. स्कूटरच्या चाकांची ट्रॉली तिथे रुततेच. फळ्या टाकल्या, त्या निसटतात. कपाशीच्या पऱ्हाट्या अंथरल्यावर होडी उतरताना छान सरकते, पण परत चढावर ओढताना दोघांचा दम निघतो. ट्रॅक्टर पक्क्या जमिनीपर्यंतच येतो. काठावर ठेवायची सोय नाही, म्हणून दर वेळी पिकअपमधून भुसावळला आणावी लागते.

घरी ती पत्र्याखाली, टायरांवर उपडी असते. ऊन थेट लागत नाही, तरी मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, पत्र्याखाली तर भट्टीच. वरचा रंग पांढुरका पडून बोटाला भुकटी लागतेय.

रुंद, कमी हवेचे टायर लावले तर अशा गाळात ट्रॉली खरंच तरते का, की ट्रॅक्टरला लांब दोर बांधून होडी ओढणंच बरं? आणि भुकटी घासून काढल्यावर फायबरला नुसतं वॅक्स पुरेल की रंगच द्यावा लागेल?