अकरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा मालट्रकवर जायचे आहे: परवाना, तब्येत आणि सराव यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी सोलापूरचा असून माझे वय ४६ वर्षे आहे. २००२ ते २०१४ अशी बारा वर्षे मी दहाचाकी मालट्रक चालवला. बहुतेक खेपा हैदराबादच्या किंवा वाशीच्या असत. जाताना कांदा नाहीतर चादरी-टॉवेलच्या गाठी आणि येताना मिळेल तो माल. २०१४ मध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला, मुले लहान होती, आणि महिन्यातले बावीस दिवस रस्त्यावर काढणाऱ्या माणसाचा घराला पैशापलीकडे काही उपयोग नसतो हे तेव्हा नीट कळले. म्हणून गाडी सोडून अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात कामाला लागलो. आई गेल्या वर्षी वारली. कारखान्यात आता आठवड्याचे तीन-चार दिवसच काम मिळते आणि मुलीचे कॉलेज चालू आहे, त्यामुळे पुन्हा गाडीवर जावे असे मनाने घेतले आहे.

पहिली अडचण परवान्याची आहे. हलक्या वाहनाचा परवाना २०२९ पर्यंत चालतो, परंतु मालट्रक चालवण्यासाठी परवान्यावर लागणारी परिवहन वाहनाची नोंद २०१३ मध्ये तीन वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतली होती, ती २०१६ मध्ये संपली आणि पुढे मी तिच्याकडे पाहिलेही नाही. एक एजंट म्हणतो की चाचणी न देता नूतनीकरण करून देतो, फक्त आकडा असा सांगतो की तो ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो. दुसरा म्हणतो की सगळे पहिल्यापासून करावे लागेल. दोघांपैकी खरे कोण बोलत आहे?

दुसरी अडचण तब्येतीची. चार वर्षांपासून मधुमेहाच्या दोन गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. चष्मा फक्त वाचण्यापुरता आहे.

तिसरी अडचण सांगताना थोडा संकोच वाटतो. मागच्या पंधरवड्यात बाजार समितीच्या आवारात एका जुन्या सोबत्याची नवी बाराचाकी उभी होती. कांदा उतरवण्यासाठी ती चाळीस फूट मागे घ्यायची होती. त्याने किल्ली माझ्या हातात दिली. बसल्याबसल्या माझी नजर सवयीने ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे गेली, तेवढे बरे वाटले. पण माझ्या जुन्या गाडीला ब्रेकवर जेवढा पाय लागत असे तेवढाच मी येथे दाबला आणि गाडी जागच्या जागी अशी थांबली की समोरचा पाण्याचा तांब्या उडून काचेवर आदळला. हमाल हसले. सोबती हसला नाही, आणि तेच मला जास्त लागले. समोरच्या पट्टीवर पिवळा दिवा लागलेला होता. तो धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या युरियाच्या द्रवाचा आहे हेही त्यानेच सांगितले. आमच्या वेळी युरिया शेतात टाकत असत.

रस्त्यावरचा व्यवहारही बदलला आहे. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस या नाक्यांवर मी सुटे पैसे मोजून दिलेले आहेत. आता फास्टॅग आहे. बिल्टीबरोबर (म्हणजे मालाच्या पावतीबरोबर) ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना, लागते, आणि त्याची मुदत संपण्याआधी माल पोहोचवावा लागतो. सगळ्यात मोठा बदल म्हणजे क्लीनर जवळजवळ दिसत नाही. मागे घेताना डाव्या बाजूला उभा राहून पत्र्यावर थाप मारणारा मुलगा नसेल, तर अकरा वर्षांनी बसलेल्या माणसाने आरशावर किती भिस्त ठेवावी?

तेव्हा परवान्याचा सरळ मार्ग कोणता, मधुमेहामुळे वैद्यकीय दाखला अडेल का, आणि एकदम बाराचाकी घ्यावी की लहान गाडीपासून सुरुवात करावी, याबाबत जाणकारांनी सांगावे ही विनंती.

प्रतिसाद १ (निवृत्त मोटार वाहन निरीक्षक)

पहिल्या एजंटाकडे पुन्हा जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५ मध्ये २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ लोटला असेल तर वाहन चालवण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय नूतनीकरण होत नाही. तुमची तर नऊ वर्षे झाली आहेत. चाचणी न देता कोणी परवाना हातात ठेवला, तर तो कधी ना कधी तुमच्याच अंगावर येईल. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावरून स्वतः भरता येतो, आणि भरताना काय काय मागितले जाते ते तेथेच दिसते. एक गोष्ट आता तुमच्या सोयीची आहे, ती म्हणजे परिवहन परवाना तीनऐवजी पाच वर्षांसाठी मिळतो.

वैद्यकीय दाखला नमुना १-अ मध्ये लागतो. त्यात तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा आहे का, दिवसाउजेडी २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा किंवा बहिरेपणा आहे का, अशा बाबी पाहतात. मधुमेह आहे एवढ्यावरून दाखला नाकारला जाईल असे समजू नका, मात्र डॉक्टरांपासून तो लपवूही नका.

आणि बाजार समितीच्या आवारातले ते चाळीस फूट पुन्हा करू नका. जेथे लोकांना ये-जा करण्याचा हक्क आहे ती जागा कायद्याने सार्वजनिकच असते.

प्रतिसाद २ (गाडीमालक, सोलापूर)

वरील शेवटचे वाक्य तुमच्या सोबत्यालाही वाचून दाखवा. वैध परवाना नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून कोणताही शहाणा मालक आधी परवाना पाहतो आणि मग हात पाहतो.

मात्र तोपर्यंत घरी बसण्याचेही कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे कायम केले की हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवता येते, त्यासाठी वेगळी परिवहन नोंद लागत नाही. पिकअप किंवा टाटा ४०७ सारखी गाडी त्यात बसते. तुमचा हलक्या वाहनाचा परवाना चालू असल्याने चिंचोळीहून शहरात आणि शहरातून पंढरपूर, बार्शी अशा जवळच्या खेपा चार महिने कराव्यात. क्लीनर नसताना आरशावर मागे घेण्याची सवय लहान गाडीवर स्वस्तात लागते. मोठ्या गाडीसाठी ज्या ड्रायव्हिंग स्कूलकडे स्वतःचे जड वाहन आहे तेथे पैसे भरा. परवाना हाती आला की एकदम एकट्याने हैदराबाद न धरता दोन-तीन खेपा जोडचालक म्हणून जा, भत्ता कमी मिळाला तरी चालेल. माझ्याकडे असा परतलेला एक जण होता. त्याला घाटाची भीती वाटत नव्हती, गोदामाच्या दाराची वाटत असे.

प्रतिसाद ३ (चालक, मोहोळ)

दादा, मीही साखरेचाच आहे. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना सरळ विचारा की यातली कोणती गोळी साखर एकदम खाली आणते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने जेवण चुकले की हातपाय थरथरतात. मला उमरग्याच्या पुढे एकदा तसे झाले, गाडी कडेला घेतली आणि तेव्हापासून गिअरच्या शेजारी साखरेची पुडी कायम असते. तुम्हीही जेवणाची वेळ आधी ठरवा आणि मग खेप ठरवा. पाच तास गाडी चालवल्यावर किमान अर्धा तास विश्रांती, हा नियम १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच होता. मालकाला तसे सांगताना लाजू नका.

युरियाचे म्हणाल तर बीएस-६ गाडीत, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या गाडीत, त्यासाठी निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. तिच्यात डिझेल किंवा साधे पाणी कधीही जाऊ देऊ नका. पिवळ्या दिव्याकडे दुर्लक्ष केले की गाडी आपणहून ताकद कमी करते, मग भरलेली गाडी चढावर रांगायला लागते.

धागाकर्ता

तिघांचेही आभार. सोबत्याला आज फोन केला, तोही वरमला. चिठ्ठी काढून पाहिली, संध्याकाळची गोळी ग्लिमेपिराइडचीच आहे, त्यामुळे सोमवारी आधी डॉक्टरांकडे जातो आणि मग अर्ज भरतो. चिंचोळीत एक पिकअपवाला चालक शोधत आहे, त्यालाही भेटणार आहे. जड वाहन शिकवणाऱ्या शाळेत चौकशी करताना त्यांच्याकडे दहाचाकी आहे की सहाचाकीवरच शिकवतात, आणि त्या गाडीचे ब्रेक नव्या पद्धतीचे आहेत का, एवढे विचारणे पुरेसे होईल का? आणखी काही विचारायचे असल्यास सोमवारच्या आत कळवावे.